ताई निरीक्षणाखाली होती ते वर्ष

मागच्या उन्हाळ्यात मला चक्कर आली तेव्हा मुलानं इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्यानं नाडी पाहिली, रक्त घेतलं आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता मुलाला म्हणाला, "माताजी को एक दिन ऑब्ज़र्वेशन में रख लेते हैं." मी पलंगावरून उतरले आणि चपला शोधू लागले. मुलगा गोंधळला. सून म्हणाली, "आई, काहून असं करून राहिल्या? नुसतं लक्ष ठेवतील, बस." मी म्हटलं, इलाज करायचा तर करा, सुया टोचा, कापायचं असेल ते कापा, पण मला ठेवायचं नाही. घरी आल्यावर दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. त्यांचा राग बरोबर आहे. त्यांना मी कधी काही सांगितलंच नाही, तर त्यांना काय कळणार? म्हणून आता सांगते आहे. जिच्याबद्दल सांगायचं ती आता नाही, आणि ज्यांच्याबद्दल वाईट बोलायचं तेही नाहीत. ते नाहीत म्हणून मी हात आखडता घेईन असं मात्र कोणी समजू नये.

आम्ही जबलपूरजवळच्या सिहोऱ्याचे. म्हणजे मूळचे वर्ध्याकडचे, पण बाबांना सिहोऱ्याच्या शाळेत मास्तरकी मिळाली आणि आम्ही तिथलेच झालो. तिथे मुलींना पुढचे वर्ग नव्हते. माझी मोठी बहीण शांताताई जबलपूरला दिलेली होती, म्हणून माझी रवानगी तिच्या घरी झाली. तिचं घर सराफ्याच्या मागच्या गल्लीत. खाली सोनारांची दुकानं, वर राहणारी माणसं. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर बारीक हातोड्यांची टकटक पडायची. ती दिवसभर चालायची, आणि दुपारी सोनार जेवायला गेले की थांबायची. ती थांबली की मला एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. फुंकणीचा धूर जिन्यातून वर यायचा, त्यात समोरच्या हलवायाच्या कढईतल्या खव्याच्या जिलबीचा वास मिसळलेला असायचा. मी सिहोऱ्याहून आलेली, मला हे सगळं फार श्रीमंत वाटलं. पहिले चार-सहा दिवस.

ताईचं सासर स्वतःला जबलपूरचं जुनं मराठी घर समजायचं. भोसल्यांच्या अमलात कोणी पूर्वज इथे कारकून म्हणून आला होता, तेव्हापासून ते इथलेच. त्यामुळे वर्धा-नागपूरकडून आलेली आमच्यासारखी माणसं त्यांच्या लेखी कालची. ताईचे सासरे शाळाखात्यात तपासनीस होते, निवृत्त झालेले. सगळा सराफा त्यांना डिप्टीसाहेब म्हणायचा आणि घरातलेही तेच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. मी पहिल्या दिवशी जेवताना ताईला विचारलं, "ताई, तू काहून नाही बसत?" तर डिप्टीसाहेबांनी घास खाली ठेवला. "काहून नाही. का. का बसत नाहीस. म्हण." मी तसं म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा घास उचलला. ताई माझ्या पानात भात वाढत होती, तिनं वर पाहिलं नाही.

त्यांची एक आरामखुर्ची होती, जिन्याच्या तोंडाशी ठेवलेली. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसायचं, मागचा चौक दिसायचा, आणि ताईच्या खोलीचा अर्धा भाग दिसायचा. आयुष्यभर त्यांनी घोड्यावरून, बैलगाडीतून फिरून खेड्यापाड्यांतल्या शाळा तपासल्या होत्या. मास्तर घाबरलेले, पोरं न्हाऊन-माखून बसवलेली, आणि हे मधे उभे. नोकरी संपली तरी डोळे तसेच राहिले. त्यांचा आवडता शब्द होता निरीक्षण. दुसरा कोणी म्हणेल, वरणात हिंग कमी झाला. ते म्हणत, "माझं निरीक्षण असं आहे, की आज वरणात हिंग कमी आहे." मला सुरुवातीला त्याची गंमत वाटायची. मी ताईजवळ त्यांची नक्कल करून दाखवली. पूर्वीची ताई असती तर माझ्यापेक्षा चांगली करून दाखवली असती. सिहोऱ्याच्या बाजारातल्या प्रत्येक बाईचा आवाज तिला काढता यायचा. आई हसून हसून पोट धरायची. पण या वेळी तिनं फक्त माझ्या तोंडावर हात ठेवला.

मी जाण्याच्या थोडं आधी ताईला मुलगा झाला होता. तो रडला नाही. एवढंच आम्हाला कळवलं होतं, आणि आईला बाळंतिणीजवळ जायची सोयही कोणी केली नव्हती. मी गेले तेव्हा ताई हिंडती-फिरती होती. पहाटे उठायची, चूल पेटवायची, धुणं धुवायची, सगळं करायची, पण बोलायची नाही. कधी कधी पोळी लाटता लाटता हात थांबायचा. कधी एकटीच पाळण्याचं गाणं गुणगुणायची. आमच्या घरी याला दुःख म्हटलं असतं आणि तिच्याजवळ कोणी बसलं असतं.

एके सकाळी डिप्टीसाहेबांनी सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. सगळे म्हणजे सासूबाई, ज्यांना आम्ही माई म्हणत होतो, ताईचा नवरा माधवराव, जो रेल्वेच्या कचेरीत होता, आणि मी. ताईला बोलावलं नव्हतं. ती चौकात भांडी घासत होती आणि भांड्यांचा आवाज आम्हाला येत होता. डिप्टीसाहेब म्हणाले, "सूनबाईंची मनःस्थिती ठीक नाही. तेव्हा त्यांना काही काळ निरीक्षणाखाली ठेवायचं मी ठरवलं आहे." मग नियम सांगितले. ताईच्या खोलीचं दार कधी लावायचं नाही. चौकात ती एकटी जाणार नाही. स्वयंपाकघरात माईंनी बसायचं. खोलीत मी. माधवरावांनी तिच्याशी काय बोलणं झालं ते सांगायचं. रोज दिवेलागणीला, जेवणाच्या आधी, प्रत्येकानं आपलं निरीक्षण डिप्टीसाहेबांना तोंडी सांगायचं. त्यांच्या स्मरणशक्तीचा त्यांना अभिमान होता. ते काही लिहून घेत नसत. माधवराव मान हलवत होते. मी तेव्हापासून आजवर पुष्कळ नेभळट माणसं पाहिली, पण आपल्या बायकोबद्दल बाप बोलत असताना चष्म्याची काच धोतरानं पुसत उभा राहिलेला तो माणूस मला अजून सगळ्यांत खालचा वाटतो.

त्यानंतर त्या घरात काय सुरू झालं ते सांगणं सोपं नाही, कारण कोणी ओरडलं नाही, कोणी हात उगारला नाही. फक्त पाहत होते. ताई वेणी घालायला बसली आणि जरा वेळ लागला, तर संध्याकाळी माई सांगायच्या, "आज आरशासमोरून उठतच नव्हती." दुसऱ्या दिवशी ताईनं घाईघाईत अंबाडा घातला, तर, "आज केसांचीसुद्धा शुद्ध नाही." जेवली तर अधाशासारखी जेवली, नाही जेवली तर अन्नावरची वासना गेली. घरात अंगावर सतत नजर असली की चांगल्या माणसाच्या हातूनही भांडं पडतं. ताईच्या हातून भांडी पडू लागली. मग ती मोजली जाऊ लागली. ताई दचकायला लागली, मागे वळून पाहायला लागली, कोणी खोलीत आलं की उभी राहायला लागली. डिप्टीसाहेब खुर्चीतून म्हणायचे, "पाहिलंत? हे पूर्वी नव्हतं." खरंच नव्हतं. त्यांनीच ते केलं होतं, आणि स्वतःच केलेलं पुन्हा पाहून त्यावर मान डोलवत होते.

त्याच दिवसांत शाळेत आमच्या सिंधुबाईंनी आम्हाला निरीक्षण शिकवायला घेतलं. एखादी वस्तू पुढ्यात ठेवून तिच्याबद्दल सांगायचा तो धडा असायचा. बाईंनी चिंचेची एक डहाळी आणली आणि विचारलं, काय दिसतं? एक मुलगी म्हणाली, "सुंदर आहे." बाई म्हणाल्या, "सुंदर पानात कुठे आहे, दाखव. ते तुझ्या डोक्यात आहे. पानात काय आहे ते सांग." आम्ही सांगत गेलो. बारीक पानं समोरासमोर लागलेली आहेत, देठ तांबूस आहे, खालची पानं मिटली आहेत. "का मिटली?" बाईंनी विचारलं. "मरत असतील," मी म्हटलं. "माहीत नाही, असं म्हण. माहीत नाही म्हणायला शिकणं हेही निरीक्षणातच येतं."  डिप्टीसाहेबांच्या घरात माहीत नाही असं कोणी म्हणतच नव्हतं. एकाच शब्दाची दोन घरं होती, एक शाळेत आणि एक सराफ्यात, आणि मी रोज पाटी-दप्तर घेऊन एकातून दुसऱ्यात जात होते. मी पुढे स्वतः शिक्षिका झाले, वर्षानुवर्षं हेच धडे दिले. पण वर्गात तो शब्द मी वापरला नाही. 'नीट बघा' म्हणायचे. तपासायला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, पाठात निरीक्षण का लिहीत नाही? मी म्हटलं, मला आवडत नाही. त्यांनी काय शेरा मारला ते मी वाचायला गेले नाही.

मलाही दिवेलागणीला उभं केलं जायचं. "तू तिच्या खोलीत झोपतेस. काय निरीक्षण केलंस?" मी पहिल्या दिवशी गप्प राहिले, तर जेवण थांबलं. सगळे पानावर बसून राहिले आणि ताई वाढायचं पातेलं हातात धरून उभी राहिली. तेव्हा मी ठरवलं, की खरं तेच सांगायचं, पण असं, की त्यातून त्यांना काही काढता येणार नाही.

"ताई डाव्या कुशीवर झोपते."

"आणखी?"

"उशी उलटी करते. गरम होते म्हणून."

"बडबडते का झोपेत?"

"नाही. मी बडबडते. ताई म्हणते."

माधवरावांच्या तोंडून हसू फुटलं आणि ते त्यांनी गिळलं. डिप्टीसाहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या दिवसापासून मीही त्यांच्या यादीत गेले असावे, कारण माई माझ्या पानात तूप वाढायच्या बंद झाल्या.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत एक झरोका होता, तोंडाएवढा. पलीकडे गेंदाबाई राहायची, सोनाराची बायको. मोठी, जाडजूड, तंबाखू चघळणारी. दुपारी माईंचा डोळा लागला की ती झरोक्याला तोंड लावून विचारायची, "काय बिन्नू, रोटी खा लई?" बिन्नू म्हणजे लाडाची बहीण, लेक. ताई भिंतीला टेकून हळू आवाजात तिच्याशी बोलायची. तिला उत्तर म्हणून ताईच्या तोंडून निघालेली ती चार वाक्यं एवढंच तिचं दिवसभराचं बोलणं. माईंनी ते ऐकलं. संध्याकाळी सांगितलं, "भिंतीशी बोलते." भिंतीपलीकडे कोण राहतं हे माईंना ठाऊक नव्हतं असं नाही, गेंदाबाईच्या घरून त्यांच्याकडे सणावाराला ताट यायचं. पण 'भिंतीशी बोलते' हे ऐकायला बरं वाटत होतं. एकदा बाबांनी सिहोऱ्याच्या तळ्यातले शिंगाडे बसवाल्याबरोबर पाठवले. माईंनी ते सगळे बाहेर वाटून टाकले. ताईनं मूठभर काढून ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवले होते, माझ्यासाठी. ते सापडले. "अन्न लपवते." डिप्टीसाहेब म्हणाले, "असं आणखी काही दिवस चाललं तर नागपूरला पाठवावं लागेल." त्या काळी आमच्याकडच्या घरात कोणी या सुरात नागपूर म्हटलं की त्याचा एकच अर्थ होता. वेड्यांचं इस्पितळ.

मला वाटायचं, हे लोक मूर्ख आहेत. ते मूर्ख नव्हते हे मला गेंदाबाईकडून कळलं. शाळेतून येताना तिनं मला दुकानाच्या फळीशी थांबवलं. "सागर वारे आए हते," ती म्हणाली, "मोड़ी की बात करबे." सागरकडची माणसं मुलगी सांगून आली होती, माधवरावांसाठी. मोठं घर होतं. ताई वर पोळ्या लाटत असताना ती माणसं खाली सोनाराच्या बैठकीत बसून डिप्टीसाहेबांशी बोलून गेली. तेव्हा दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती चार लोकांची. डिप्टीसाहेबांना जबलपूरच्या मराठी मंडळींत मान होता. चांगल्या सुनेवर सवत आणली असती तर तो गेला असता. वेड्या सुनेवर आणली, तर लोकांनी उलट हळहळ केली असती. मी गेंदाबाईच्या फळीवर बसून राहिले. तिनं मला पाणी दिलं. मी ते न पिताच वर गेले.

बाबांना निरोप गेला, की मुलीला डॉक्टरांना दाखवायचं आहे, आपण हजर असावं. ते आले त्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही. कमानिया गेटजवळ टांग्यांच्या अड्ड्यापाशी उभी राहिले. माझे बाबा गरीब स्वभावाचे होते. प्रत्येक वाक्याला 'अच्छा जी' म्हणायची त्यांना सवय होती, आणि डिप्टीसाहेब तर त्यांच्या खात्यातले मोठे साहेब. त्यांच्यासमोर बाबा खुर्चीच्या कडेवर बसायचे. मी गेटपासून सराफ्यापर्यंत त्यांना सगळं सांगितलं. शिंगाड्यांचं, भिंतीचं, सागरचं. ते ऐकत चालले होते, डोक्यावरची टोपी परत परत नीट करत.

"मोठी माणसं आहेत, कुमे," ते म्हणाले. "शिकलेली आहेत. ते काहून खोटं सांगतील?"

"मग ताईलाच विचारा."

"विचारतो ना."

"सगळ्यांसमोर नाही. एकट्यानं विचारा. बाबा, फक्त एवढं करा. तिच्याशी एकट्यानं बोला, मग काय ठरवायचं ते ठरवा."

"अच्छा," ते म्हणाले. मला ते अच्छा पुरेसं वाटलं नाही, पण आम्ही जिन्यापाशी पोचलो होतो.

डॉक्टर बंगाली होते, वयस्कर, डिप्टीसाहेबांच्या बैठकीतले. ताईला मधल्या खोलीत स्टुलावर बसवलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या. मग डिप्टीसाहेबांनी मागे हात बांधून, खोलीतून फेऱ्या मारत, आपली सगळी निरीक्षणं म्हणून दाखवली. एकही चुकली नाही. आरसा, अंबाडा, भांडी, पाळणा गुणगुणणं, भिंत, शिंगाडे. एखादा मुलगा पाठ केलेले पाढे म्हणतो तसं. प्रत्येक गोष्ट घडलेली होती, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. मी मधेच म्हटलं, "भिंतीमागे गेंदाबाई असते." डिप्टीसाहेब माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लहान मुलांनी बाहेर बसावं." मी बाहेर गेले नाही. मला उचलून नेणारं कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी ताईला विचारलं, "बेटी, जब अकेली होती हो तब रोना आता है?"

ताईनं विचार केला. तिचा आवाज आम्ही इतक्या दिवसांत एवढा स्पष्ट ऐकला नव्हता. "पता नहीं, डॉक्टरसाहेब. मी एकटी कधी नसतेच." मग तिला वाटलं त्यांना मराठी कळलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणाली, "यहाँ अकेला कोई छोड़ता नहीं."

डॉक्टर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि म्हणूनच मी त्यांना माफ करत नाही. न कळलेल्याला माफ करता येतं. त्यांनी बॅग मिटली, डिप्टीसाहेबांकडे वळले आणि म्हणाले, "देखने में तो ठीक है. फिर भी, कुछ दिन और ऑब्ज़र्वेशन में रखिए. बाद में नागपुर का सोचेंगे." माईंनी चहा आणला. तो त्यांनी बशीत ओतून, फुंकून प्यायला आणि ते गेले.

"ऐकलंत ना मास्तर?" डिप्टीसाहेब म्हणाले.

"अच्छा जी," बाबा म्हणाले. "ठेवा मग."

मी भिंतीला टेकून खाली बसले. ताई स्टुलावरच होती. तिनं बाबांकडे पाहिलं नाही. खाली, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बाबा उठले, टोपी घातली, दारापर्यंत गेले. तिथे थांबले. मला वाटतं तेव्हा त्यांना माझी आठवण झाली, किंवा मला दिलेल्या शब्दाची. परत वळून म्हणाले, "निघायच्या आधी पोरीशी दोन शब्द बोलून घेतो जी."

"बोला ना," डिप्टीसाहेब म्हणाले.

"आतल्या खोलीत. आम्ही दोघंच."

"ते जमणार नाही."

"काहून जी?"

"का," डिप्टीसाहेबांनी दुरुस्ती केली. "नियम आहे म्हणून. त्यांना एकटं सोडायचं नाही."

"एकटी कुठे? मी आहे ना."

"तुम्ही असलात की त्या वेगळ्या वागतील. मग निरीक्षणाला अर्थ काय उरला?"

माई म्हणाल्या, "आणि आम्ही ऐकू नये असं काय आहे एवढं?"

 बाबा खोलीत इकडेतिकडे पाहू लागले. आरामखुर्ची, तिथून दिसणारं स्वयंपाकघर, दार नसल्यासारखी उघडी पडलेली ताईची खोली. त्यांनी हे सगळं आधीही पाहिलं होतं, चहा पीत, खुर्चीच्या कडेवर बसून. आता पहिल्यांदा पाहत असल्यासारखं पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली. डिप्टीसाहेबांसमोर त्यांना उघड्या डोक्यानं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या पोरीशी बोलायला मला पहारा लागते?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यात 'जी' नव्हतं. "चल शांता. घरी चल."

ताई लगेच उठली नाही. तिला ते खरं वाटलं नसावं. मी जाऊन तिचा हात ओढला. मग ती आत गेली, लुगडी एका चादरीत बांधली आणि बाहेर आली. माई म्हणाल्या, "पाटल्या ठेवून जा." ताईनं त्या काढल्या, आरामखुर्चीच्या हातावर ठेवल्या. माधवराव खिडकीपाशी होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला काही सांगायचं आहे का मला?" तिनं विचारलं. माधवरावांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे, आपल्या बापाकडे पाहिलं. ती अजून थोडा वेळ थांबली. खालच्या हातोड्या चालू होत्या, त्यांचा आवाज जिन्यातून येत होता. मग ती वळली.

"आज नेलंत तर पुन्हा आणू नका," डिप्टीसाहेब बाबांना म्हणाले. आम्ही जिना उतरत असताना ते वरून, घरातल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाहिलंत? घर सोडताना डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. हेच माझं निरीक्षण होतं." खाली गेंदाबाई तिच्या दारात उभी होती. तिनं ताईच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली आणि वर पाहून त्या घराला मोठ्यानं एक शिवी दिली. ती मी इथे लिहिली तर माझा मुलगा हे छापू देणार नाही. मला ती शिवी अजून तोंडपाठ आहे.

सिहोऱ्याला आल्यावर सगळं सुरळीत झालं असं म्हणता येत नाही. बाबा नोकरीभर भीत राहिले, की डिप्टीसाहेबांचा कोणी माणूस त्यांच्या शाळेवर येईल. आई ताईच्या मागे मागे फिरायची, जेवली का, झोपली का, रडते का बघायची, आणि एक दिवस ताईनं हातातली परात जमिनीवर आपटली. "माझ्याकडे पाहू नका," ती म्हणाली. "तुम्ही कोणी माझ्याकडे पाहू नका." मग ती मागच्या अंगणात जाऊन बसली आणि खूप रडली, मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. आई उठायला लागली तर बाबांनी तिचा हात धरून बसवलं. आम्ही आत बसून राहिलो. त्या गेलेल्या मुलासाठी ती रडली ती तेव्हाच पहिल्यांदा. पुढच्या लग्नसराईत माधवरावांचं सागरच्या मुलीशी लग्न झाल्याचं कळलं. माझं शाळेचं एक वर्ष बुडालं. मग आम्ही दोघी परत जबलपूरला आलो, भाड्याची खोली घेतली, तीही सराफ्यापासून लांब. ताईनं मास्तरणीचं शिक्षण पुरं केलं आणि लहान मुलींना शिकवू लागली. तिच्या वर्गात फार गलका असायचा. शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार करायच्या. तिला सगळ्यांचे आवाज काढता यायचे ते परत यायला लागलं, पण डिप्टीसाहेबांचा आवाज तिनं कधी काढला नाही, आणि मी काढायला गेले तर उठून जायची.

डिप्टीसाहेबांना आम्ही पुढे काही वर्षांनी, पुन्हा एकदाच पाहिलं. हिवाळ्याचे दिवस होते, कमानिया गेटपाशी पेरूंच्या हातगाड्या लागल्या होत्या आणि आम्ही एका गाडीशी उभ्या होतो. ताई पेरू निवडत होती. डिप्टीसाहेब आले. म्हातारे झाले होते, हातात काठी होती, पण ताठ होते आणि नजर तशीच होती. त्यांनी गाडीवरचा एक पेरू उचलला, फिरवून फिरवून पाहिला, देठाशी बारीक कीड होती ती त्यांना चष्म्याशिवाय दिसली, आणि त्यांनी तो खाली ठेवला. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. हातभर अंतरावरून, भर उन्हात, चांगलं तोंडाकडे पाहिलं.  त्यांच्या चेहऱ्यावर काहीही आलं नाही. त्यांनी तिला ओळखलं नाही.

"बाई, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. त्यांना पलीकडचे पेरू हवे होते.

ताईनं हातातला पेरू नाकाशी धरला, वास घेतला, पिशवीत टाकला. "नाही होत," ती म्हणाली, आणि दुसरा पेरू उचलला. गाडीवाला आमच्याकडे बघू लागला.  डिप्टीसाहेब काठी टेकत, हातगाडीला वळसा घालून, पलीकडच्या बाजूला गेले.

ताई आणखी बराच वेळ पेरू निवडत होती.